लग्नचौकातून चित्रकलेच्या वहीत: शाळेतल्या वारलीची मागची गोष्ट

कुंपणाच्या भिंतीवर तारपा नाच रंगवलेला नाही अशी जिल्हा परिषदेची शाळा आता शोधावी लागेल. गेरूसारखा दिसणारा ऑइलपेंट, त्यावर पांढऱ्या त्रिकोणी माणसांची फेर धरलेली रांग. वहीत ‘वारली शैलीत गावाचे चित्र काढा’ असा गृहपाठही असतो आणि मुलं तो आनंदाने करतात, कारण दोन त्रिकोण आणि चार रेघा जमल्या की माणूस उभा राहतो. ही कला शाळेत पुरातन म्हणून शिकवली जाते, पण ती कागदावर आली त्याला जेमतेम पन्नास वर्षं झाली आहेत.

डहाणू, तलासरी, जव्हार भागातल्या पाड्यांवर हे चित्र लग्नासाठी लिहिलं जाई. शेणामातीने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी चौक, म्हणजे नक्षीचा चौकोन, लिहीत, मध्ये पालघट देवी बसवत आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणे. रंग म्हणजे पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ, कुंचला म्हणजे टोक ठेचलेली बांबूची काडी. लग्न झालं की चित्राचं काम संपलं. ते जपून ठेवायचं, त्यावर कुणाचं नाव घालायचं, हा प्रश्नच नव्हता.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात आले. बिहारच्या दुष्काळात, १९६६-६७च्या सुमारास, मिथिलेतल्या बायकांच्या हाती कागद देणारे तेच. भिंतीवरची कला कागदावर आली तर तिच्यातून रोजगार मिळेल, असा अखिल भारतीय हस्तकला मंडळाचा त्यामागचा हिशेब होता. वारली पाड्यांवर मात्र कागद हाती घेऊन पुढे आला तो एक पुरुष: गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. लग्नचौकाबाहेर पडून त्यांनी मासेमारीचं जाळं, शेतं, मुंग्यांचं वारूळ असं काय काय रंगवलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांचं श्रेय मोठंच आहे. पण चित्र बाजारात गेलं तसं ते बरंचसं पुरुषांच्या हाती गेलं आणि सवाशिणी, धवलेरी मागे पडल्या. पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींत त्या क्वचितच भेटतात.

शाळेने या कलेचा फक्त आकार का उचलला, याचं उत्तर आपल्या चित्रकलेच्या तासात आहे. मुंबईचं जे. जे. कला विद्यालय १८५७ सालचं. त्या वळणाचं कलाशिक्षण पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमधून गावोगावच्या शाळांत पोचलं: स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. या चौकटीत वारली आली ती आणखी एक नमुना म्हणून. चित्र कुणी, कधी, कशासाठी काढायचं, याला त्या तासात गुण नाहीत.

दुसरी वाट आपल्याकडे होती आणि तीही महाराष्ट्रातच निघाली. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यातून नेमलेल्या झाकीर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला दिली होती. सूत कातताना तारांची मोजदाद म्हणजे गणित, कापसाची लागवड म्हणजे विज्ञान, अशी ती नई तालीम. सेवाग्रामला १९४४पासून शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवी प्रसाद मुलांना चित्रकला शिकवू लागले, त्यामुळे उद्योगाला कलेचीही जोड मिळाली. योजनेवर टीकाही कडाडून झाली. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातकामच होतं, त्यांच्या मुलांनी शाळेतही तेच करायचं का, हा प्रश्न रास्त होता आणि आजही आहे. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ सुचवला आणि बहुतेक शाळांत त्याचं पर्यवसान घोटीव कागदाच्या फुलांत झालं. सेवाग्रामची बंद पडलेली शाळा २००५मध्ये ‘आनंद निकेतन’ म्हणून पुन्हा सुरू झाली.

मला याहून जास्त महत्त्वाचं वाटतं ते डहाणू तालुक्यातलंच कोसबाड. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती. ताराबाईंनी खडे, शिंपले, बिया, पानं, फुलं घेतली आणि त्यांवरच मोजणं, वर्गवारी, रंगओळख बसवली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून पाड्यातल्या अंगणात वर्ग भरले. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा गेली, ती कुरणशाळा. स्थानिक वस्तू आणि हातकौशल्य हे शिकण्याचं साधन कसं होतं, याचा महाराष्ट्रातला इतका रोखठोक प्रयोग दुसरा सांगता येणार नाही. गंजाड याच तालुक्यातलं. तरी शिक्षणशास्त्राच्या वर्गात कोसबाड आणि चित्रकलेच्या वर्गात गंजाड, अशी आपण दोन्ही वेगवेगळी शिकवतो.

कागदावर सरकारी विचार बराच पुढे गेला आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५च्या वेळी हस्तकलांच्या वारशासाठी स्वतंत्र अभ्यासगट होता आणि कारागिरांना शिक्षक म्हणून बोलवावं, असा त्याचा आग्रह होता. २०१४मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना आहेत: सुतार, कुंभार, माळी, कलाकार यांच्याकडे जाऊन शिकायचे. वर्ध्याला दिवसाचे ३ तास २० मिनिटं होती, इथे १० दिवस आहेत. तेवढ्यात सारवण, पीठ कालवणं आणि धवलेरीचं एखादं गाणं बसू शकतं. त्यासाठी पाड्यावरच्या बाईला मानधन द्यायचं तर ते कुठल्या खात्यातून, हे मुख्याध्यापकांनाच शोधावं लागणार आहे.