जीन्सची नीळ: सरखेज, कलाभवन आणि लेझर

जुन्या जीन्सच्या फाटक्या गुडघ्यातून एक निळा धागा ओढून काढा आणि नखाने त्याचा पीळ सोडवा. आत पांढरा कापूस दिसेल. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून जीन्स विटते. डेनिमच्या धंद्यातले कितीतरी शोध याच अर्धवट शिरलेल्या रंगाभोवती फिरले आहेत.

नीळ पाण्यात विरघळत नाही. अल्कली घातलेल्या पाण्यात सोडियम हायड्रोसल्फाइटने तिचे क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) केले की ती विरघळते आणि पिवळट-हिरवी होते. त्या हौदात सुताचे दोर बुडवतात, पिळतात, हवेत फिरवतात. ऑक्सिजन लागला की हिरवे सूत डोळ्यांदेखत निळे होते. गडद छटेसाठी हे पुन:पुन्हा करावे लागते, तरी रंग वरच्या थरातच राहतो. मग विणताना उभ्या ताण्याला हे निळे सूत, आडव्या बाण्याला पांढरे. म्हणूनच जीन्स आतून फिकट दिसते.

गुजरातेला नीळ नवी नाही. अहमदाबादजवळच्या सरखेजची नीळ सतराव्या शतकात डच आणि इंग्रज व्यापारी युरोपात नेत. 1873 साली शिंपी जेकब डेव्हिस आणि व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांनी खिशांच्या कोपऱ्यांना रिव्हेट (धातूच्या खिळी) ठोकण्याचे अमेरिकी पेटंट घेतले, तेव्हाही नीळ शेतातूनच येत होती. रिव्हेटची गोष्ट सगळेच सांगतात. मला त्याहून मोठे वळण वाटते ते 1897 चे. त्या वर्षी जर्मनीच्या बीएएसएफ या रसायन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि पुढच्या दोन दशकांत हिंदुस्थानातला निळीचा व्यापार पार बसला.

रंगाचा धंदा असा शेतातून प्रयोगशाळेत जात होता, त्याच सुमारास बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली होती. 1890 साली सयाजीराव महाराजांनी ती सुरू केली आणि धुरा दिली रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे. रंगाऱ्याच्या घरात बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या इथे वर्गात शास्त्र म्हणून शिकवली जाऊ लागली. तंत्रशिक्षण मातृभाषेतूनच हवे, हा गज्जरांचा आग्रह. (दादासाहेब फाळकेही कलाभवनाचेच विद्यार्थी.) एका संस्थानाने इतक्या लवकर हे ओळखले, याचा बडोदेकर म्हणून मला मनापासून अभिमान आहे. आज तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा आहे आणि वस्त्ररसायन अजूनही शिकवले जाते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिऱ्हाइकाला नवी जीन्सच जुनी दिसायला हवी झाली. आधी प्यूमिस हा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड जीन्सबरोबर धुलाईयंत्रात घालून घासाई झाली. दगडांनी यंत्रे झिजत, चुरा खिशांत अडके. 1980 च्या दशकाच्या अखेरीस सेल्युलेज एन्झाइम आले. ते धाग्याचा वरचा थर कुरतडून नीळ मोकळी करते. वाळूचा फवारा मारण्याची रीत मात्र जीवघेणी ठरली. सिलिकाची धूळ फुफ्फुसात जाऊन तुर्कस्तानातले तरुण कामगार सिलिकोसिसने दगावले, तेव्हा 2009 मध्ये तिथे त्यावर बंदी आली. फॅशनसाठी माणसे मरावीत, याला कोणतेही समर्थन नाही. आता तेच काम लेझरचा झोत आणि ओझोन वायू करतात, पाणीही कमी लागते.

रंगाईचा हौद मात्र अजून बराचसा जुनाच आहे. हायड्रोसल्फाइट वापरले की सांडपाण्यात सल्फेटसारखे क्षार उतरतात. कारखान्यांचे पाणी खंबातच्या आखातापर्यंत नेणारा लांबलचक कालवा बडोद्याला बांधावा लागला, त्यामुळे सांडपाण्याचा प्रश्न आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. हायड्रोसल्फाइट टाळून विजेच्या साहाय्याने निळीचे क्षपण करण्याच्या पद्धती विकसित झाल्या आहेत; त्या सर्वत्र रुजायच्या आहेत.