'टायगर' नावाच्या ब्रिटिश युद्धनौका : पार्श्वभूमी

ब्रिटिश नौदलात एखादे जहाज बुडाले, मोडीत निघाले किंवा शत्रूच्या हाती गेले, तरी त्याचे नाव बाद होत नाही. पुढे कधीतरी ते नव्या जहाजाला मिळते आणि आधीच्या जहाजांनी मिळवलेले युद्धसन्मानही त्याच्याकडे येतात. 'टायगर' हे नाव १५४६ पासून असेच चालत आले.

१६४७ मध्ये बांधलेले टायगर पुनर्बांधणी होत होत जवळजवळ शतकभर टिकले आणि १७४२ मध्ये, स्पेनशी युद्ध चालू असताना, फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांलगत प्रवाळांवर आपटून नष्ट झाले. त्यावरचे सुमारे तीनशे लोक ६६ दिवस तिथल्या एका बेटावर अडकून पडले होते. समुद्रतळाशी सापडलेले अवशेष याच जहाजाचे असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. आंतरराष्ट्रीय करारानुसार त्यांची मालकी अजूनही ब्रिटिश सरकारकडेच आहे.

त्यानंतरचे साठ तोफांचे टायगर फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर चालून आलेल्या इंग्रजी ताफ्यात होते. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांना सोबत घेण्याचा पेशव्यांचा निर्णय हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे; मात्र त्या दिवशी एका जहाजाला लागलेली आग पसरत जाऊन आंग्र्यांचे जे आरमार जळाले, त्याच्या तोडीचे बळ कोकण किनाऱ्यावर पुन्हा उभे राहिले नाही, हे विसरता येत नाही. वर्षभरातच, मार्च १७५७ मध्ये, हेच जहाज हुगळी नदीत शिरून फ्रेंचांच्या चंद्रनगरवर तोफा डागत होते.

एकोणिसाव्या शतकातले वाफेवर चालणारे टायगर क्रिमियाच्या युद्धात, मे १८५४ मध्ये, ओडेसाजवळ धुक्यात किनाऱ्याला लागले आणि रशियनांच्या हाती पडले; त्याची एक तोफ ओडेसा शहरात स्मारक म्हणून ठेवलेली आहे. १९०८ मध्ये याच नावाची विनाशिका सरावाच्या वेळी आपल्याच क्रूझरशी (विनाशिकेहून मोठ्या युद्धनौकेशी) टक्कर होऊन बुडाली. १९१४ मध्ये दाखल झालेल्या बॅटलक्रूझरने, म्हणजे मोठ्या तोफांच्या वेगवान युद्धनौकेने, पहिल्या महायुद्धातल्या डॉगर बँक आणि जटलंड या दोन्ही समुद्री लढाया पाहिल्या. जटलंडमध्ये तीन ब्रिटिश बॅटलक्रूझरांचा स्फोट झाला असताना ही अनेक गोळे झेलूनही तरली, पण १९३० च्या लंडन करारातील कपातीत तिला निवृत्त व्हावे लागले.

खरा वाद आहे तो शेवटच्या टायगरविषयी : तिला हेलिकॉप्टरवाहू बनवण्यावर झालेला खर्च योग्य होता का? १९४१ मध्ये बांधणीला घेतलेली ही क्रूझर १९४५ मध्ये पाण्यात उतरली. युद्ध संपल्यामुळे काम थांबले आणि ती सेवेत आली तेव्हा १९५९ साल उजाडले होते. तिच्या सहा इंची तोफा पूर्ण स्वयंचलित होत्या, पण तोवर क्षेपणास्त्रांचे युग सुरू झाले होते. डिसेंबर १९६६ मध्ये ऱ्होडेशिया (आजचे झिम्बाब्वे) या ब्रिटिश वसाहतीच्या एकतर्फी स्वातंत्र्यघोषणेवर तोडगा काढण्यासाठी ब्रिटिश पंतप्रधान आणि ऱ्होडेशियाचे नेते जिब्राल्टरजवळ याच जहाजावर भेटले. तोडगा निघाला नाही. जहाजाचे नाव मात्र त्यामुळे जगभरच्या वृत्तपत्रांत पोहोचले.

त्यानंतर तिला हेलिकॉप्टरवाहू क्रूझर बनवण्याचे काम १९६८ ते १९७२ पर्यंत चालले. मागचा तोफबुरूज काढून तिथे हँगर आणि उड्डाणतळ उभारला गेला, तोही चार हेलिकॉप्टरांपुरता. पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टरांना सोयीचे जहाज हवे होते, विमानवाहू नौका निवृत्त होत होत्या आणि त्यांची जागा घेणारी नवी जहाजे यायला अवकाश होता, हे समर्थकांचे म्हणणे रास्त आहे. पण किंमत पाहिली की ते अपुरे वाटते. भगिनी नौका 'ब्लेक'च्या रूपांतराला सुमारे ५५ लाख पौंड लागले होते, टायगरवर १ कोटी ३२ लाखांहून अधिक खर्च झाले. तिसरी भगिनी 'लायन' रूपांतराविनाच राहिली, तिचे भाग टायगरसाठी काढले गेले आणि १९७५ मध्ये ती भंगारात गेली. एवढे करून हाती आलेल्या जहाजाला मोठ्या क्रूझरइतकी माणसे लागत, तोफांचा मारा मात्र निम्म्यावर आला होता. नौदलाला माणसांची चणचण भासत असताना ते चालवणे जड गेले आणि १९७८ मध्ये, रूपांतरानंतर अवघ्या सहा वर्षांत, टायगर राखीव ताफ्यात गेली. आधीच जुन्या झालेल्या सांगाड्यावर चार वर्षे घालवण्याऐवजी तो पैसा नव्या बांधणीकडे वळवायला हवा होता, असे म्हणणाऱ्यांची बाजू या आकड्यांपुढे अधिक भक्कम ठरते.

१९८२ मध्ये अर्जेंटिनाशी फॉकलंड युद्ध पेटल्यावर टायगर आणि ब्लेक पुन्हा सज्ज करण्याचे काम सुरू झाले, पण ते वेळेत पुरे होणार नाही हे दिसताच थांबवण्यात आले. चिलीनेही त्यांच्यात रस दाखवला होता. व्यवहार झाला नाही. १९८६ मध्ये टायगर मोडीत काढण्यासाठी स्पेनला ओढत नेण्यात आली.