दुसरा गिअर, पितळेची रिंग आणि दोन लिटर तेल

मागच्या नोव्हेंबरात इथे मिशिगनमध्ये पहाटे पारा शून्याखाली गेला आणि माझ्या जुन्या माझ्दा मियाटाचा दुसरा गिअर पडेना. म्हणजे पडायचा, पण खर्रर्र करून, घास चावताना दाताखाली खडा यावा तसा. मियाटा ही १९८९ साली आलेली दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, तिची सगळी मजा त्या आखूड गिअरच्या दांड्यात आहे, त्यामुळे मला घरात कुणी आजारी पडल्यासारखं झालं. ज्याला विचारावं तो म्हणे क्लच गेला. पण गाडी आठवड्यापूर्वीच एका गॅरेजातून गिअर ऑइल बदलून आली होती, बिल काढून पाहिलं तर ८५डब्ल्यू-१४०, जीएल-५. फोन केला तर उत्तर मिळालं की स्पोर्ट्स कार आहे म्हणून मुद्दाम जाड घातलंय, जास्त संरक्षण मिळतं. हे वाक्य मी पुण्यातल्या मित्रांकडूनही ऐकलंय आणि ते चुकीचं आहे, म्हणून हा लेख.

तेल घातलं की घर्षण कमी होतं हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. सायकलची चेन, शिलाई मशीन, दाराची बिजागरी, सगळीकडे तेच. मग साहजिकच वाटतं की जितकं जाड आणि बुळबुळीत तितकं बरं. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये मात्र दात्यांना आणि बेअरिंगांना तेल हवंच असतं, आणि तिथेच बोटभर अंतरावर एक वस्तू असते जी फक्त घर्षणावर जगते, ऐन कामाच्या क्षणी तेलाने तिच्या वाटेतून बाजूला व्हावं लागतं. दोघांना एकाच डब्यातल्या त्याच दोन लिटर तेलात दिवस काढायचे असतात. ही वस्तू म्हणजे सिंक्रो रिंग, आणि माझ्या मते गाडीतला सगळ्यात सुंदर भाग.

पुष्कळांना वाटतं की गिअर टाकला की एक चक्र सरकत जाऊन दुसऱ्याच्या दात्यांत बसतं. पुढे जायच्या गिअरांत तसं होत नाही. तिथे चक्रांच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात आणि फिरतही असतात, फक्त प्रत्येक जोडीतलं एक चक्र आपल्या शाफ्टवर मोकळं गरगरत असतं. गिअर टाकणं म्हणजे त्यातल्या एका चक्राला शाफ्टशी बांधणं. बांधायचं काम स्लीव्ह करते, म्हणजे आतून खाचा असलेली, शाफ्टबरोबर फिरणारी एक जाड बांगडी, ती सरकून चक्राच्या अंगावरच्या बारीक दात्यांवर चढली की दोघं एक.

अडचण अशी की दोघांचा वेग वेगळा असतो. माझ्या गाडीत पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.१३६ आणि दुसऱ्याचं १.८८८. समजा इंजिन ६००० आरपीएमला आहे आणि मी पहिल्यातून दुसऱ्यात टाकतोय. चाकांकडे जाणारा शाफ्ट तेव्हा ६००० भागिले ३.१३६, म्हणजे साधारण १९१३ ने फिरतोय, आणि दुसऱ्या गिअरचं चक्र ६००० भागिले १.८८८, म्हणजे ३१७८ ने. फरक मिनिटाला १२६५ फेऱ्यांचा. हा फरक माझा हात दांडा ओढतो तेवढ्या वेळात शून्य व्हायला हवा, आणि नुसतं ते चक्र नाही तर त्याला जोडलेले बाकीचे गिअर, इनपुट शाफ्ट, क्लचची प्लेट, सगळ्यांनाच आवरायचं असतं. आवरणार कोण, तर मनगटात घालता येईल एवढी एक पितळी रिंग.

चक्राच्या अंगाला एक शंकूसारखा उतार असतो, त्यावर ही रिंग टोपीसारखी बसते. दांडा ओढला की स्लीव्ह रिंगला त्या उतारावर दाबते आणि ब्रेक लागावा तसं घर्षण सुरू होतं. पण खरी कमाल पुढे आहे. रिंगलाही बाहेरून दाते असतात आणि वेगात फरक आहे तोवर ते चक्र रिंगला आपल्याबरोबर किंचित ओढून धरतं, जेमतेम अर्ध्या दात्याएवढं, त्यामुळे रिंगचे दाते बरोबर स्लीव्हच्या वाटेत आडवे येतात. म्हणजे वेग जुळल्याशिवाय दार उघडतच नाही. आणि जुळला की ओढणारा जोरच नाहीसा होतो, स्लीव्हचे तिरके दाते रिंगला हलकेच बाजूला सारतात आणि आत शिरतात. कुठे सेन्सर नाही, वायर नाही, घर्षणच मोजतं आणि घर्षणच परवानगी देतं! अर्ल थॉम्प्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरची ही कल्पना, कॅडिलॅकने १९२८ मध्ये ती बाजारात आणली. त्याआधी हे वेग जुळवायचं काम ड्रायव्हरच्या पायाला करावं लागे, आपल्याकडे जुन्या लाल एसटीचे ड्रायव्हर दोनदा क्लच दाबून गिअर टाकायचे ते यासाठीच.

आता तेलाकडे येऊ. रिंग आणि उतार यांच्यामध्ये तेलाचा थर असतो. तो तसाच राहिला तर रिंग त्यावर तरंगते आणि ब्रेक लागतच नाही. म्हणून रिंगच्या आतल्या बाजूला बारीक आट्या कापलेल्या असतात, नवी रिंग हातात घेऊन आतून नख फिरवलं तर ग्रामोफोनच्या तबकडीसारखं कुरकुरतं. या आट्या थर कापतात आणि आडव्या खाचांमधून तेल बाहेर पळतं. जर्मन इंजिनियर रिचर्ड स्ट्रिबेकने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच आलेखावर दाखवलं होतं: तेलाचा चिकटपणा गुणिले वेग, भागिले दाब, हा आकडा मोठा असेल तर दोन पृष्ठभाग तेलावर पूर्ण तरंगतात, लहान असेल तर धातूला धातू लागतो, आणि मधे एक उतरंड आहे जिथे थोडं हे थोडं ते. बेअरिंगला या आलेखाच्या उजव्या टोकाला राहायचं असतं आणि सिंक्रो रिंगला डावीकडे, तेही पटकन पोचायचं असतं. चिकटपणा वाढवला की दोघंही उजवीकडे सरकतात. बेअरिंग खूश, रिंग तरंगतेय, आणि मी वाट न बघता दांडा रेटला की खर्रर्र.

थंडीत हे का बिघडतं ते आकड्यांत बघा. गिअर ऑइलच्या वर्गवारीत ७५डब्ल्यू म्हणजे उणे ४० सेल्सिअसलाही तेल १,५०,००० सेंटिपॉइजपेक्षा (हे दाटपणा मोजायचं एकक) दाट व्हायचं नाही, आणि ८५डब्ल्यूला हीच हमी फक्त उणे १२ पर्यंत. तो दाटपणा मधाच्या कितीतरी पट आहे. म्हणजे माझ्या गॅरेजवाल्याने घातलेलं तेल मिशिगनच्या पहाटे चांगलंच घट्ट झालेलं होतं. आणखी एक घोळ म्हणजे गिअर ऑइलच्या नावातला, डब्ल्यूनंतर येणारा ९० हा गरम तेलाच्या जाडीचा आकडा इंजिन ऑइलच्या ४० पेक्षा दुप्पट जाड वाटतो. दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे हो, १०० अंशांना ९० नंबरचं गिअर ऑइल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (हेही जाडीचंच एकक) आणि ४० नंबरचं इंजिन ऑइल १२.५ ते १६.३, म्हणजे जवळपास भाऊभाऊच.

जीएल-४ आणि जीएल-५ वरून तर लोक हमरीतुमरीवर येतात. हे आकडे जाडीचे नाहीत, दाते एकमेकांवर चेपले जातात तेव्हा धातू वाचवणाऱ्या रसायनाचे आहेत. त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं असतात, तापलेल्या जागी ती लोखंडाशी संयोग करून एक बळीचा थर बनवतात जो स्वतः झिजतो आणि दाता वाचवतो. डिफरन्शियलच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेला जोर दोन चाकांत वाटणाऱ्या भागाच्या, हायपॉइड गिअरमध्ये दाते एकमेकांवर जोरात घासत सरकतात, त्यांच्यासाठी जीएल-५, त्यात हा माल साधारण दुप्पट. पण गंधकाला तांबं आवडतं आणि पितळेत तांबंच असतं. देवघरातलं चांदीचं निरांजन हवेतल्या गंधकाने काळं पडतं त्याच जातीचा हा प्रकार. म्हणून जीएल-५ ने पितळी रिंगा खाल्ल्या जातात असं म्हणतात. हे अर्धसत्य आहे, आजच्या बऱ्याच जीएल-५ तेलांत गंधक शांत केलेलं असतं आणि तांब्याची पट्टी १२१ अंशांच्या तेलात तीन तास बुडवून ते तपासतात. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये तर ७५डब्ल्यू-९० चं जीएल-४ किंवा जीएल-५, दोन्ही चालतं असं लिहिलंय. पोर्शे ९११ किंवा सुबारूमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच तेलात असतात, तिथे हायपॉइडचा विचार आधी करावा लागतो. उलट मस्टँगच्या टी-५ वर्ल्ड क्लास गिअरबॉक्समध्ये पातळसं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, घालतात कारण तिथल्या रिंगांचं अस्तर वेगळं आहे. तेव्हा कुठलं तेल चांगलं हा प्रश्नच अपुरा आहे, कुठल्या रिंगसाठी ते आधी विचारायचं.

जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदलू नये, बदललं की तो जातो, हीसुद्धा एक पक्की समजूत. गिअर खरखरायला लागल्यावरच लोकांना तेल आठवतं, तेव्हा रिंग आधीच गुळगुळीत झालेली असते, आणि मग दोष नव्या तेलावर, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. दुसऱ्या टोकाला तेल आयुष्यभर बदलायची गरज नाही म्हणणाऱ्या जाहिराती. पितळेचा चुरा आपण होऊन कुठे जाणार?

शेवटी मी ते स्वतःच बदललं. आधी वीसेक मिनिटं गाडी फिरवून तेल गरम केलं, मग चार जॅक स्टँडवर गाडी सपाट घेतली, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. आणि आधी बाजूचा भरायचा प्लग सैल करून बघितला, हे विसरू नका, कारण खालचा उघडून तेल सांडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला तर गाडी हलवताही येत नाही. खालच्या प्लगच्या चुंबकावर करडा लगदा होता, तेवढा चालतो, तुकडे असते तर घाबरलो असतो. परातीत पडलेलं तेल उन्हात धरलं तर त्यात सोनेरी कण चमकत होते, माझ्याच रिंगचे. नवं ७५डब्ल्यू-९० पंपाने, भोकातून ओघळ येईपर्यंत भरलं, वॉशर नवे. मियाटात गिअरच्या दांड्याच्या मुळाशी तेलाची एक वेगळी छोटी वाटी असते, जेमतेम ८०-९० मिलिलिटरची, ती माझी ठणठणीत कोरडी निघाली, तीही भरली.

दुसऱ्या दिवशी पहाटे उणे चार होतं. दुसरा गिअर पहिल्या मैलभर अजूनही किंचित अडतो, तेव्हा मी रेटत नाही, दांडा दुसऱ्याकडे हलक्या दाबाने धरून ठेवतो, अर्धा क्षण काही होत नाही, मग बोटांना कळतं की आत फरक मिटला, आणि तो आपणहून आत जातो.