समुद्रातले सराटे

सोलापूरच्या माळावर सायकल घातली की टायरमध्ये सराटा घुसणारच. तो कसाही पडो, त्याचा एक तरी काटा वर असतोच. मुंबईत मरीन ड्राइव्हवर पहिल्यांदा टेट्रापॉड पाहिले आणि मला हा सराटाच आठवला. लाटा अडवायला किनाऱ्यावर रचलेला, काँक्रीटचा, चार पायांचा ठोकळा!

आपल्या ओळखीच्या लाटा सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या. त्यांना बांधावरचं दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, पुरतं. समुद्राचा हिशेब वेगळा. लाट दुप्पट उंच झाली की तिच्यापुढे टिकणारा दगड आठपट वजनाचा लागतो. शिवाय पाण्यात बुडालेल्या काँक्रीटचं सुमारे दोन पंचमांश वजन पाणीच उचलून धरतं. फुटलेली लाट उतारावर आदळते, आणि मागे फिरताना आत शिरलेलं पाणी ठोकळ्यांना बाहेर ढकलतं. एवढे मोठे धोंडे खाणीतून मिळत नाहीत. म्हणून 1950 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या अभियंत्यांनी टेट्रापॉड घडवला. त्याचे पाय एकमेकांत अडकतात आणि मधल्या पोकळ्यांत लाटेचा जोर जिरतो. ठोकळ्यांच्या या थराचा जवळजवळ निम्मा भाग मोकळाच असतो, आणि मला तीच त्याची खरी ताकद वाटते.

पण पाय लांब आणि बारीक केले की ते मोडतात. 1978 मध्ये पोर्तुगालच्या सिनेश बंदरात वादळाने 42 टनांचे, लांब बारीक पायांचे डोलोस नावाचे ठोकळे मोडून टाकले. त्यांत सळ्या नव्हत्या. असे तुटके तुकडे लाटेबरोबर गडगडत शेजारच्या शाबूत ठोकळ्यांवर आपटतात. खड्डा पडला की खालच्या थरातले लहान दगड निसटू लागतात. तेव्हा दुरुस्तीला उशीर परवडत नाही.

वरून नवे ठोकळे नुसते ओतून भागत नाही. पायथा आधी पक्का करायचा, मग क्रेनने एकेक ठोकळा खालून वर रचत न्यायचा. जुन्या-नव्याचा सांधा सगळ्यांत नाजूक. आकार वेगळे असतील तर ते एकमेकांत नीट अडकतच नाहीत.

म्हणून आधी ठोकळ्यांच्या या बांधाच्या छोट्या प्रतिकृतीवर चाचणी होते. पुण्याजवळ खडकवासल्याला, समुद्रापासून इतक्या दूर, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात असं काम चालतं. प्रतिकृती तीसपट लहान केली, तर 27 टनांचा ठोकळा अवघा 1 किलोचा होतो. लांब हौदात यंत्राने लाटा उठवायच्या, आधीचे-नंतरचे फोटो ताडून पाहायचे आणि कोणता ठोकळा हलला ते मोजायचं.