मोत्याचा शिंपला आणि खिडकीचा शिंपला

गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याचे चौकोनी तुकडे बसवलेले असतात. गाइड लोक बेधडक सांगतात, ‘हे मदर ऑफ पर्ल.’ ते तसं नाही. मदर ऑफ पर्ल हा मोत्याच्या शिंपल्याचा आतला, रंग बदलणारा थर. शर्टाची महागडी बटणं होतात ती त्याची. खिडकीतला शिंपला प्लाकुना प्लासेंटा या वेगळ्याच कालवाचा. दोन्ही चमकतात, दोन्ही थराथरांचे, दोन्ही जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचंच द्रव्य. तरी खडूसारखा मोडत कोणीच नाही, आणि त्यामागची कारणं वेगवेगळी आहेत.

मोत्याच्या थरात कॅल्शियम कार्बोनेटचं एक स्फटिकरूप असलेल्या अ‍ॅरागोनाइटच्या जेमतेम अर्धा मायक्रॉन (मिलिमीटरचा दोन हजारावा भाग) जाडीच्या चकत्या विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या असतात. मधे प्रथिनं आणि कायटिनचा (कीटकांचं कवच ज्याचं असतं त्या द्रव्याचा) अगदी पातळ थर. तडा आत शिरला की या मऊ थरापाशी वळतो, चकत्या एकमेकींवरून किंचित सरकतात, मधलं द्रव्य ताणलं जातं आणि धक्का त्यातच जिरतो. थोडक्यात, इथे खरी कामगिरी सांध्याची. 2008 साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी याची नक्कल केली. अ‍ॅल्युमिना या सिरॅमिकची पूड मिसळलेलं पाणी त्यांनी गोठवलं. वाढत्या बर्फाच्या पापुद्र्यांनी पूड बाजूला सारली आणि तिचे थर तयार झाले. बर्फ काढून टाकून, थर दाबून भाजले आणि फटींत अ‍ॅक्रिलिक भरलं. तो पदार्थ तुटायला लागणारी ऊर्जा त्याच्या घटकांच्या 300 पटींहून जास्त भरली.

खिडकीच्या शिंपल्यात मात्र वजनाने सुमारे 99 टक्के कॅल्साइट, म्हणजे त्याच द्रव्याचं दुसरं स्फटिकरूप. सांध्यात भरायला काही फारसं उरतच नाही, म्हणून तर उजेड आरपार येतो. मग तडा अडतो कशाने? अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात लिंग ली आणि क्रिस्टीन ऑर्टिझ यांनी त्यावर टोकदार सुई दाबून पाहिलं. 2014 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दाब पडला की स्फटिकाच्या आतच अणूंची रांग आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी वळते. त्याला ट्विनिंग म्हणतात. साध्या कॅल्साइटच्या मानाने सुमारे दहापट ऊर्जा यात खर्ची पडते, आणि इजा त्या टोचलेल्या जागेभोवतीच राहते. दुसरा घाव बसला तरी शेजारचा भाग शाबूत.

मला यातला खिडकीचा शिंपला जास्त विस्मयकारक वाटतो, पण नकलेला तोच अवघड. ट्विनिंग हा त्या स्फटिकाचाच गुण. तो हव्या त्या पदार्थात आणता येत नाही. विटांची रचना मात्र काचेतही करता येते. 2021 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात सहजी न फुटणारी पारदर्शक काच झाली तीही मोत्याच्याच वाटेने: काचेच्या पापुद्र्यांमधे अ‍ॅक्रिलिक भरून, आणि दोघांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं प्रमाण, जुळवून.