डब्यातला न दिसणारा दाणा

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'डब्यात नट्स देऊ नका' अशी सूचना आली की नागपुरातल्या घरांत काजू-बदामाचे डबे वरच्या फळीवर जातात. फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, खालीच राहतात, कारण ते आपल्या लेखी सुका मेवा नाहीतच. वनस्पतिशास्त्राचंही तेच म्हणणं आहे. फल्ली हरभरा-तुरीच्या कुळातली, काजू-पिस्ता आंब्याच्या कुळातले. पण जिवावर बेतणाऱ्या अन्न-ॲलर्जीत फल्लीचा नंबर बराच वर लागतो.

'नट-फ्री' हा शब्द आला तो पीनट बटरच्या देशांतून. तिथे सँडविच उघडलं की आत काय आहे ते दिसतं. आपल्याकडे दाणा डब्यात येतो तो कूट होऊन: काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यांच्या मसाल्यात, साबुदाण्याच्या खिचडीत, ठेच्यात, संक्रांतीच्या तिळगुळात. वर्गातल्या बाईंनी कितीही बारकाईने डबे पाहिले तरी हा कूट त्यांना दिसणार नाही. डबा सुरक्षित आहे की नाही हे घरच्या ओट्यावरच ठरतं.

किती कूट घातक? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये शेंगदाण्यासाठी २ मिलिग्रॅम प्रथिन ही संदर्भ-मात्रा सुचवली. एवढ्या मात्रेने ॲलर्जी असलेल्यांपैकी साधारण ५ टक्के जणांना त्रास होऊ शकतो. दाण्यात सुमारे २५ टक्के प्रथिन असतं, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या दाण्यात १२५ मिलिग्रॅम. त्या एका दाण्याचा साठावा भाग पुरेसा झाला. मिक्सरच्या पात्याखालच्या रबरी रिंगमध्ये याहून जास्त कूट सहज अडकून राहतो.

भाजल्याने धोका जातो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात कोरड्या आचेवर उलट घडतं. शेंगदाण्यातल्या 'आरा एच २' या प्रथिनाची घडी गंधकाच्या बंधांनी घट्ट बांधलेली असते. ती आचेला आणि पोटातल्या पाचकरसालाही सहज दाद देत नाही. शिवाय भाजताना प्रथिनावर साखर चिकटते आणि शरीरातल्या आयजीई या ॲलर्जी घडवणाऱ्या प्रतिपिंडांना ते जास्त घट्ट धरता येतं. उकडलेल्या शेंगांत थोडं प्रथिन पाण्यात उतरतं, म्हणून ती पकड काहीशी कमी होते. तरी ॲलर्जी असलेल्या मुलाला उकडलेल्या शेंगाही वर्ज्यच.

त्यामुळे अशा मुलाच्या घरी मिक्सरचं एक भांडं फक्त त्याच्यासाठी ठेवावं, झाकण आणि रबरी रिंगसकट. दाणे भाजायची कढई वेगळी, चिवड्याच्या डब्यातला चमचाही वेगळा. तेलाचं गणित लोकांना चकवतं. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण लाकडी घाण्याच्या तेलात ते उरू शकतं. एरवी चांगलं म्हणून विकत घेतलेलं तेलच इथे नको. दुकानातला तळणाचा माल तर सगळा एकाच कढईतून निघतो. पुडाच्या वडीत सांबाराबरोबर (म्हणजे कोथिंबिरीबरोबर) खसखस, खोबरं असतं आणि बऱ्याचदा चारोळीही. चारोळी काजू-पिस्त्याच्याच कुळातली आहे. काजूची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना पिस्ताही बाधतो. चारोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. संत्रा बर्फीवरचे पिस्त्याचे काप काढून टाकले म्हणजे बर्फी चालते, असंही नाही.

आता दाण्याऐवजी काय घालायचं. ३० ग्रॅम दाण्यांतून साधारण ७ ग्रॅम प्रथिन आणि १७० कॅलरी मिळतात. तेवढ्याच डाळव्यातून, म्हणजे फुटाण्यांच्या सोललेल्या डाळीतून, प्रथिन जवळपास तितकंच मिळतं, पण स्निग्धांश फार कमी. एक चमचा तूप घातलं की बरीचशी भरपाई होते. फुटाणे घेताना एक पाहावं: भट्टीवर ज्या वाळूत फुटाणे फुटतात, त्याच वाळूत फल्लीही भाजली जाते. सुटे फुटाणे नकोत. डाळवं बंद पाकिटातलं, मागचा मजकूर वाचून घ्यावं. फल्लीची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना हरभरा चालतो, पण सगळ्यांना नाही, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावं. आणि पाच वर्षांखालच्या मुलाला ॲलर्जी असो-नसो, अख्खे फुटाणे किंवा दाणे देऊच नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात. पूड करून द्यावी.

साबुदाण्याच्या खिचडीत कूट नुसता चवीला नसतो. तो साबुदाण्यावरचं जास्तीचं पाणी शोषतो आणि त्यातलं तेल साबुदाण्याला वेगवेगळं ठेवतं. कूट गाळला की खिचडीचा गोळा होतो तो यामुळेच. एक वाटी साबुदाण्याला पाव वाटी कूट घालत असाल, तर त्याऐवजी अडीच मोठे चमचे डाळव्याची पूड आणि एक मोठा चमचा भाजलेलं सुकं खोबरं घ्या, वर एक चमचा तूप. डाळव्यात पिष्ट असल्याने ते कुटापेक्षा जास्त पाणी ओढतं. तेवढंच घातलं तर खिचडी घशाशी बसते. (उपासाला हरभरा चालत नाही, असं आजी म्हणणारच. त्या दिवशी नुसतं खोबरं.) पोह्यांत खोबऱ्याचे काप, कोशिंबिरीत डाळव्याची पूड चालते. चटणी जवसाची करावी: मंद आचेवर जवस तडतडू लागला की लगेच उतरवावा, जास्त भाजला तर कडवटतो. तिळाची चटणी पटकन सुचते, पण तिळाची ॲलर्जीही असते. अमेरिकेने २०२३ पासून पाकिटावर तिळाची नोंद सक्तीची केली. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांतल्या यादीत शेंगदाणा आणि झाडावरचे नट्स आहेत, तीळ नाही. म्हणून तिळासाठी घटकांची पूर्ण यादीच वाचावी लागते.

शाळेत सगळ्यात उपयोगी पडतो तो साबण. एका प्रयोगात हातांवर पीनट बटर चोळून वेगवेगळ्या प्रकारे हात धुतले. साबणाने आणि ओल्या वाइप्सने ॲलर्जीचं प्रथिन गेलं. नुसत्या पाण्याने आणि सॅनिटायझरने ते काही हातांवर राहिलं. सॅनिटायझर जंतू मारतो, प्रथिन पुसून काढत नाही. शेजारच्या मुलाच्या डब्यातल्या दाण्याच्या नुसत्या वासाने जिवावर बेतेल अशी भीती पालकांना असते; तिला फारसा आधार नाही, वासात प्रथिन नसतं. खरा धोका वाटून खाण्याचा. 'एकट्याने खाऊ नये' हे आपण मुलांना बोलायला येण्याआधीपासून शिकवतो. या एका मुलाला मात्र 'माझा डबा मीच खाणार' हे शिकवावं लागतं, आणि त्यात उद्धटपणा नाही हे वर्गालाही सांगावं लागतं. वाढदिवसाच्या चॉकलेटसाठी बाईंकडे घरून दिलेला खाऊ ठेवलेला असला की रडारड होत नाही. सरसकट बंदीबद्दल २०२१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने शाळांना सुचवलं की बंदीपेक्षा कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि शाळेत ठेवलेलं ॲड्रिनलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरचं इंजेक्शन, बरं. कूट दिसतच नाही अशा आपल्या डब्यांना हे जास्तच लागू पडतं.

त्रास बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत सुरू होतो. फक्त ओठाभोवती गांधी उठल्या तर लक्ष ठेवायचं आणि घरी कळवायचं. पण आवाज घोगरा झाला, दम लागला, मूल एकदम मलूल पडलं, किंवा गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर ही ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी आहे. अशा वेळी ॲलर्जीचं सिरप पाजून वाट पाहणं हीच नेहमीची चूक. सिरप खाज थांबवतं. श्वास आणि रक्तदाब सावरतं ते ॲड्रिनलिन. त्याचं प्रमाण दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम असलेल्या अँप्युलमधून ०.२ मिली. आपल्याकडे तयार पेन सहज मिळत नाही, म्हणून मात्रा आणि कृती बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावी, सुई भरण्याचा सराव करावा आणि तो कागद शाळेत द्यावा. इंजेक्शननंतर १०८ ला फोन, आणि मुलाला आडवं झोपवून ठेवावं. दम लागला असेल तर बसवावं. चालवत गाडीपर्यंत नेऊ नये, उभं केल्याने रक्तदाब आणखी कोसळू शकतो.

हे सगळं ॲलर्जी पक्की ठरल्यावर. नुसत्या रक्त-अहवालावर फल्ली बंद करण्याची घाई नको. कर्नाटकातल्या एका पाहणीत सुमारे २६ टक्के प्रौढांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं, पण खरी ॲलर्जी असण्याची शक्यता फक्त १.२ टक्के लोकांत दिसली. खाल्ल्यावर काय होतं, हा इतिहास अहवालाइतकाच मोलाचा.

धाकट्या भावंडाला घाबरून फल्लीपासून दूर ठेवणं तर उलटंच पडतं. २०१५ च्या 'लीप' या ब्रिटिश अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० तान्ही बाळं घेतली होती. वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत नेमाने शेंगदाणा खाणाऱ्यांत ही ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली. तिथलं प्रमाण आठवड्याला ६ ग्रॅम प्रथिन, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम दाणे, तीन किंवा अधिक वेळांत विभागून. सहा महिन्यांच्या बाळाला अगदी बारीक कूट पातळ खिमटीत कालवून देता येतो, सुरुवातीला चमच्याच्या टोकावर मावेल इतकाच. अंगावर तीव्र इसब असेल तर डॉक्टरांना विचारून. बाळाची वाटी-चमचा वेगळा ठेवावा, आणि भरवून झालं की हात साबणाने धुऊनच मोठ्याचा डबा भरायला घ्यावा.