एकाच वजनाची दोन औषधं वेगळी कशी करायची?

मुंबईत पाणी तुंबलं की डॉक्सीसायक्लिनचं नाव निघतंच. तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांनी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) टाळण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने ७२ तासांच्या आत औषध घ्यावं, असं महापालिका सांगत असते. या डॉक्सीसायक्लिनचं टेट्रासायक्लिन नावाचं एक भावंड आहे. दोघांचं रेणुसूत्र एकच: २२ कार्बन, २४ हायड्रोजन, २ नायट्रोजन, ८ ऑक्सिजन. फरक इतकाच, की ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी टेट्रासायक्लिनमध्ये सहाव्या कार्बनवर असते, तर डॉक्सीसायक्लिनमध्ये पाचव्या. नुसत्या वजनावरून कोण कुठलं ते कळायचं नाही.

इथे कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे बारीक नळीत विजेच्या ओढीने रेणू वेगळे करायचं तंत्र, कामी येतं. केसाहून बारीक पोकळी असलेल्या सिलिकाच्या नळीत बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) भरायचं, नमुन्याचे काही नॅनोलिटर आत सोडायचे आणि दोन टोकांना २०-३० हजार व्होल्ट द्यायचे. जाड नळीत एवढ्या व्होल्टेजने द्रव तापून ढवळला गेला असता. बारीक नळीतली उष्णता मात्र भिंतीतून चटकन निघून जाते. जॉर्गेन्सन आणि लुकाक्स या रसायनशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हे दाखवून दिलं.

खरी गंमत नळीच्या भिंतीत आहे. सिलिकावर ऋण भार येतो, त्यामुळे बफरमधले धन आयन भिंतीलगत गोळा होतात. वीज त्यांना ऋण टोकाकडे ओढते आणि त्यांच्यामागून अख्खा द्रव सरकतो. ऋणभारित रेणूही या ओघात येतातच, पण उशिरा.

पण आपल्या भावंडांचे भारही जवळजवळ सारखेच! यावर जपानच्या शिगेरु तेराबे यांनी १९८४ मध्ये शोधलेली युक्ती चालते: बफरमध्ये शाम्पूतल्यासारखा फेसकारक पदार्थ मिसळायचा. त्याचे रेणू एकत्र येऊन ऋणभारित पुंजके बनतात आणि ओघाच्या उलट दिशेला ओढ घेत मागे रेंगाळतात. डॉक्सीसायक्लिन जास्त स्निग्धप्रेमी, म्हणून ते या पुंजक्यांत अधिक वेळ अडकतं आणि सहसा मागाहून पोहोचतं.

टेट्रासायक्लिनच्या कुटुंबाला धातूंचे आयन पकडायची खोड आहे (ही गोळी दुधाबरोबर घेऊ नका म्हणतात, ते दुधातल्या कॅल्शियममुळेच). म्हणून बफरमध्ये बऱ्याचदा ईडीटीए (धातूंचे आयन स्वतःच धरून ठेवणारा पदार्थ) घालतात, नाहीतर रेणू पोहोचल्याची नोंद करणाऱ्या आलेखातली शिखरं पसरट होतात.

तरीही गोळ्यांच्या रोजच्या तपासणीत एचपीएलसीच (द्रव दाबाने भरीव कणांच्या नळीतून ढकलून रेणू वेगळे करायचं तंत्र) पुढे आहे, आणि ते रास्तच. कॅपिलरीत रेणू टिपण्यासाठी सोडलेला प्रकाश नळीच्या पोकळीतून आडवा जातो, तोही जेमतेम ५० ते ७५ मायक्रोमीटर. एवढ्याशा अंतरात शोषण फारच कमी होतं, त्यामुळे अगदी सूक्ष्म अंश शोधायचे तर नमुना आधी दाट करून घ्यावा लागतो.